गळ टाकण्याआधी...

बालमित्रांनो, दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या भोकरदनच्या गल्लीगल्लीत एक बेत हमखास शिजतो. "चला रे, धरणावर मासे धरायला जाऊ!" कुणी बांबू शोधतो, कुणी अंगणातली कुंडी उलटी करून गांडुळं जमवतो, आणि अर्ध्या तासात सायकली निघतात. संध्याकाळी बहुतेक जण परत येतात ते चिखलाने भरलेले पाय आणि रिकामी पिशवी घेऊन! मग मासे नाहीत म्हणून धरणाला बोल लावायचा.

पण खरं सांगू? मासे असतात. बेत नसतो.

मासे धरायला जाणं म्हणजे कुणाच्या तरी घरी जाणं. तो कुठे राहतो, काय खातो, घरी केव्हा असतो, हे माहीत नसेल तर दाराला कुलूपच दिसणार. म्हणून या सुट्टीत गळ टाकण्याआधी आपण पाच प्रश्न सोडवू या. कोणता मासा? कुठे? केव्हा? कशाने? आणि पाचवा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : किती मासे घरी आणायचे आणि किती पाण्यात ठेवायचे?

दूरदेशीचे दोन मासे

आधी जरा लांबची सफर करू. कॅनडात आणि अमेरिकेच्या वायव्य भागात बर्फाच्या पाण्याने भरलेली खोल सरोवरं आहेत. तिथली मुलं आईबाबांबरोबर कोकनी आणि रेनबो ट्राउट हे दोन मासे पकडायला जातात. 'कोकनी' हे नाव ऐकून आपल्या कोकणात जाऊ नका बरं का! हा सामन जातीचा मासा आहे. त्याचे सॉकआय नावाचे भाऊबंद समुद्रात जाऊन मोठे होतात आणि अंडी घालायला नदीत परततात. कोकनी मात्र समुद्र कधी पाहतच नाही. त्याचा सगळा जन्म गोड्या पाण्याच्या सरोवरात जातो. अंडी घालायची वेळ आली की त्याचा चंदेरी रंग लालभडक होतो, आणि एकदा अंडी घातली की तो मरून जातो.

हे मासे पकडायला निघालेली माणसं सगळ्यांत आधी काय पाहतात, ठाऊक आहे? पाण्याचं तापमान! कोकनीला सुमारे १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी आवडतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खोल, गार थरात उतरतो. मग गळही तेवढ्याच खोल सोडावा लागतो. ट्राउटलाही थंड पाणीच लागतं. भारतात तो काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि दक्षिणेतल्या निलगिरीच्या थंड ओढ्यांत भेटतो.

मग आपल्या धरणात ट्राउट सोडला तर? बिचारा उन्हाळा काढू शकणार नाही. याचं कारण नुसती उष्णता नाही. माशांना श्वासासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो, आणि पाणी जितकं गरम तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. १० अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशाच्या पाण्यात फक्त साडेसात. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्या पाण्यात ट्राउट गुदमरेल. आपल्या पाण्यात राहतात ते मासे वेगळे आणि जास्त चिवट.

पहिला प्रश्न : कोणता मासा?

धरण म्हणजे एक तीन मजली घर आहे असं समजा. वरच्या मजल्यावर राहतो कटला. मोठं डोकं, वर वळलेला जबडा. पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव गाळून खाणं हा त्याचा उद्योग. (गंमत म्हणजे तो लांबचा कोकनीही असेच सूक्ष्म जीव खातो!) मधल्या मजल्यावर राहतो रोहू. त्याचे ओठ झालरीसारखे असतात आणि तो वनस्पती, शेवाळं कुरतडतो. तळमजल्यावर राहतो मृगळ. तळाच्या गाळात पडलेलं, कुजलेलं जे मिळेल ते तो खातो. तिघांची भांडणं नाहीत, कारण तिघांची ताटं वेगळी. म्हणूनच मासे वाढवणारे लोक हे तिघे एकाच तळ्यात एकत्र सोडतात.

या घरात आणखीही बिऱ्हाडं आहेत. शिंगाडा रात्री फिरतो आणि लांब मिशांनी तळ चाचपत भक्ष्य शोधतो. सापासारखी लांब वाम दगडांच्या कपारीत लपते. चिलापी मूळची आफ्रिकेतली. ती १९५२ साली भारतात आणली गेली आणि आता जिथे तिथे दिसते. तिची मादी अंडी आणि पिल्लं चक्क तोंडात सांभाळते!

आणि मरळ? तो तर आपल्या मराठवाड्याचा खरा बहाद्दर. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर तो पृष्ठभागावर येऊन सरळ हवेत श्वास घेतो. तळं आटलं तरी ओल्या चिखलात काही काळ तग धरतो. पिल्लं झाली की आईबाप त्यांच्यावर पहारा देतात. पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा वळवळताना दिसला तर समजा, खाली मरळ राखण करतो आहे. अशा वेळी तिथे गळ मुळीच टाकायचा नाही. राखणदार गेला की सगळी पिल्लं दुसऱ्याच्या पोटात जातात.

आता तुमच्या वहीत लिहा : "आमचा बेत कोणत्या माशाचा?" नवशिक्यांनी चिलापी आणि रोहू यांच्यापासून सुरुवात करावी.

दुसरा प्रश्न : कुठे?

आपलं भोकरदन केळना नदीच्या काठी वसलं आहे. फार जुनं गाव हे! त्याचं प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या लेखांत इथल्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद सापडते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भोगवर्धनातली मुलंही केळनेच्या काठी खेळत असतीलच की! ही केळना पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला.

आज नदीला वर्षातले थोडेच महिने पाणी असतं. म्हणून मासे टिकतात ते डोहांत आणि धरणांत. आपल्या तालुक्यात दानापूरजवळ जुई धरण आहे आणि शेलूदजवळ धामणा धरण. पण सावध! धरणातलं पाणी सरकारचं असलं तरी तिथले मासे धरण्याचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. संस्थेचे लोक दरवर्षी पैसे खर्चून पाण्यात मत्स्यबीज सोडतात. त्यांच्या वाढत्या माशांना न विचारता हात लावणं म्हणजे शेजारच्या मळ्यातली मोसंबी तोडण्यासारखंच. म्हणून बेतातलं पहिलं काम म्हणजे मोठ्या माणसाला बरोबर घेऊन संस्थेच्या लोकांना भेटायचं आणि परवानगी घ्यायची. शेततळ्यावर जायचं असेल तर मालकाला विचारायचं.

या भेटीत आणखी एक फायदा होतो. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या भोई काकांना विचारा, "काका, कोणत्या कडेला मासा लागतो? खोल कुठे आहे? गाळ कुठे आहे?" त्यांच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात जे कळेल ते पुस्तकाच्या दहा पानांत सापडणार नाही.

तिसरा प्रश्न : केव्हा?

इथे थोडं थांबू या. सगळ्या बेताची किल्ली या प्रश्नात आहे.

मृगाचा पाऊस पडतो, ओढे खळाळू लागतात, आणि मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. पुलाखाली, नळकांड्यांच्या तोंडाशी माणसं मच्छरदाण्या, साड्या, टोपल्या घेऊन उभी राहतात. मासे हाताने सुद्धा सापडतात, इतके सोपे! पण ते सोपे का असतात? कारण त्यांचं लक्ष आपल्याकडे नसतं. त्यांची पोटं अंड्यांनी भरलेली असतात आणि ती घालायला ते उथळ, ताज्या पाण्याची जागा शोधत असतात.

आता एक गणित करा. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटात साधारण दोन लाखांवर अंडी असतात. दोन लाख! त्यांतली बहुतेक अंडी आणि पिल्लं इतर जीव खातात, काही वाहून जातात. शेवटी मोजकी वाचतात. पण मादीच जर टोपलीत गेली, तर वाचणार कोण?

रोहू, कटला आणि मृगळ यांची आणखी एक अडचण आहे. साठलेल्या, शांत पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पूर्वी म्हणूनच नद्यांच्या पुरातून पिल्लं गोळा करावी लागत. त्यात नको असलेल्या माशांची भेसळही येई. हा प्रश्न सोडवला हिरालाल चौधरी या भारतीय शास्त्रज्ञांनी. माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क त्यांनी माशांना टोचला आणि १० जुलै १९५७ रोजी ओडिशात या जातीच्या माशांनी बंदिस्त पाण्यात अंडी घातली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा 'राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन' म्हणून पाळतात.

आता धरणांत सोडलं जातं ते बीज अशाच केंद्रांत तयार होतं. त्याची नावं किती गोड आहेत पाहा. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू जिऱ्याएवढं, म्हणून 'मत्स्यजिरे'. वाढून बोटाएवढं झालं की 'बोटुकली'! पण वाम, मरळ, शिंगाडा आणि ओढ्यातले छोटे मासे यांच्यासाठी असं केंद्र सहसा कुणी काढत नाही. त्यांनी आपली पिढी आपणच वाढवायची. एका पावसाळ्यात त्यांना अडवलं की पुढच्या वर्षी ओढा मुका होतो.

कोकणात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, ती याच विचाराने. आपल्याकडे पुष्कळ घरी श्रावण पाळतात, त्यातही माशांना थोडी उसंत मिळते. तेव्हा आपला नियम ठरला : आषाढ-श्रावणात गळ खुंटीला. बेत दसरा-दिवाळीनंतरचा! तेव्हा पाणी निवळलेलं असतं, ओढ्याचा पूर ओसरलेला असतो, आणि त्या वर्षीची पिल्लंही जरा सावध झालेली असतात.

दिवसातली वेळ कोणती? हिवाळ्यात पहाटेचं पाणी गार असतं आणि मासा सुस्त असतो. ऊन पसरल्यावर, आठ-नऊनंतर तो खायला निघतो. उन्हाळ्यात मात्र उलट. सकाळी लवकर जावं आणि उन्हं चढायच्या आत परतावं.

चौथा प्रश्न : कशाने?

महागड्या सामानाची काही गरज नाही. ही यादी वहीत उतरवून घ्या.

१. हलका, सरळ बांबू. तुमच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट.
२. तंगूस. बांबूपेक्षा हातभर जास्त लांब.
३. लहान गळ. मोठा गळ मोठ्या माशासाठी असतो. चिलापीच्या तोंडात तो जाणारच नाही.
४. तरंगणारी खूण. ज्वारीच्या वाळलेल्या धांड्यातलं पांढरं भेंड यासाठी छान. ते बुडालं की समजायचं, पाहुणा आला!
५. वजनासाठी लहानसा लोखंडी नट. शिशाचे मणी विषारी असतात. ते दाताने चावून तंगुसाला कधीही बसवू नका.
६. आमिष. रोहूसाठी गव्हाची कणीक आणि भिजवलेली शेंगदाण्याची पेंड मळून घ्या. त्यात चिमूटभर कापूस मळला की गोळी पाण्यात लवकर सुटत नाही. चिलापी आणि शिंगाड्यासाठी गांडूळ.
७. बादली, मोजपट्टी, पक्कड, जुना टॉवेल, प्यायचं पाणी, भाकरी-चटणी, टोपी आणि प्रथमोपचाराची पेटी.

भेंड आणि गळ यांच्यातलं अंतर म्हणजे तुमचा गळ कोणत्या मजल्यावर जाणार ते! रोहूसाठी तो मध्ये लटकू द्या. मृगळासाठी तळाला टेकू द्या. मासा लागत नसेल तर जागा बदलण्याआधी खोली बदलून पाहा. आणि काठावर धावपळ करू नका. तुमच्या पायांचा धक्का माशाला लगेच कळतो. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेषा असते, तिने तो पाण्यातली बारीकशी हालचालही टिपतो.

काही लोक सुरुंगाची दारू उडवून, पाण्यात विष कालवून किंवा विजेची तार सोडून मासे मारतात. इंग्रजांच्या काळात, १८९७ सालीच, दारू आणि विष वापरण्यावर कायद्याने बंदी आली. आजही हा गुन्हा आहे. त्यात लहान-मोठं सगळंच मरतं आणि माणसांचेही जीव जातात. असं कुठे दिसलं तर तिथून दूर व्हा आणि मोठ्यांना सांगा.

जिवाला जपा

बेतातलं हे पान कुणीही गाळायचं नाही.

- मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय पाण्याकडे जायचं नाही. दर दोन मुलांमागे एक मोठं माणूस असावं.
- धरणाचा काठ फसवा असतो. पाणी ओसरल्यावर वरून वाळलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो, पाय रुततो तो निघत नाही. मुरमाड किंवा दगडी, पक्का काठ निवडा.
- पाण्यात उतरायचं नाही. गळ अडकला तर तंगूस तोडा. गळ दोन रुपयांचा, जीव लाखमोलाचा.
- कुणी पाण्यात पडलंच तर मागून उडी टाकू नका. बांबू, दोर किंवा टॉवेल पुढे करा आणि ओरडून मोठ्यांना बोलवा.
- विजेच्या तारांखाली बांबू उभा धरू नका. ओल्या बांबूतून वीज वाहते. आभाळ गडगडू लागलं की सामान गुंडाळायचं.
- गळ फेकण्याआधी मागे वळून पाहा. मागे मित्राचा कान असू शकतो!
- शिंगाडा गळाला लागला तर स्वतः हात लावू नका. त्याच्या परांजवळचे काटे खोल टोचतात आणि फार ठणकतात.

पाचवा प्रश्न : किती आणायचे, किती ठेवायचे?

भेंड बुडालं, हिसका बसला, मासा बाहेर आला! आता काय?

आधी हात ओले करा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. त्याला रोगांपासून वाचवणारं ते चिलखतच. कोरड्या हाताने धरलं की ते निघून जातं. मोजपट्टीवर लांबी पाहा आणि वहीत लिहा. मग ठरवा. रोहू, कटला, मृगळ तुमच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा लहान असेल तर हलक्या हाताने गळ काढून त्याला पाण्यात सोडा. तो अजून कुणाचा आईबाप झालेला नसण्याचीच शक्यता जास्त. चिलापी मात्र भराभर वाढते आणि इतर माशांची जागा खाते. ती घरी नेली तर हरकत नाही. माणशी एक-दोन मासे पुरे. आपण हौसेने आलो आहोत, पण संस्थेच्या कुटुंबांची चूल याच माशांवर पेटते.

ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत त्यांनी काय करायचं? त्यांनी वहीचं काम सांभाळावं. किंवा खंड्याकडे पाहावं! निळ्या पाठीचा तो पक्षी फांदीवर किती वेळ निश्चल बसतो, किती झेपांत एक मासा मिळवतो, ते मोजा. त्याच्याहून चांगला मासेमारीचा शिक्षक नाही. मोठ्या रोहूचा एखादा खवला मिळाला तर भिंगातून पाहा. त्यावर झाडाच्या बुंध्यासारख्या गोल रेषा दिसतील. थंड देशांतले शास्त्रज्ञ अशा रेषा मोजून माशांचं वय सांगतात.

निघताना तुटलेलं तंगूस, प्लास्टिकच्या पिशव्या सगळं गोळा करा. तंगूस कुजत नाही. त्यात बगळ्याचे, पाणकावळ्याचे पाय गुरफटतात आणि ते उपाशी मरतात.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना "धरणावर जाऊ नको" एवढं सांगून भागत नाही. ती चोरून जातात आणि तिथेच घात होतो. वर्षातून एक दिवस त्यांच्याबरोबर जा. मासा मिळो न मिळो, काठ कसा ओळखायचा, वाट कशी पाहायची आणि हातात आलेलं परत कसं सोडायचं, हे ती तुमच्याकडून शिकतील.

आणि सुट्टीचा अभ्यास

२०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यात माणसांना टँकरचं पाणी प्यावं लागलं. तेव्हा तळ्यांतल्या माशांचं काय झालं असेल? अशा प्रत्येक दुष्काळात काही मासे डोहांतून नाहीसे होतात आणि पुढच्या पुरात पुन्हा येतात. कधी कधी येतही नाहीत.

म्हणून बाळांनो, वहीचं पहिलं पान आजच भरा. एका बाजूला आजोबा-आजींना विचारून लिहा, त्यांच्या लहानपणी केळनेत कोणकोणते मासे होते. त्यांनी सांगितलेली नावं जशीच्या तशी लिहा, ती पुस्तकात नसली तरी चालतील. दुसऱ्या बाजूला सहलीत तुम्हाला दिसलेले मासे लिहा. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून वर्गात वाचा. पहिल्या यादीतलं जे नाव दुसऱ्या यादीत नाही, त्याच्याखाली लाल रेघ ओढा आणि पुढच्या पावसाळ्यात पुलाखाली टोपली घेऊन उभ्या असलेल्या तुमच्या दादाला ती यादी वाचून दाखवा.